चोवीस-तेवीस

निकाल आधी सांगते, मंग बाकीचं. डोंगरगाव चोवीस, बल्लारपूरची आरागिरणी तेवीस. चौऱ्याऐंशी सालची मंडई, म्हंजे दिवाळीमागची आमची जत्रा, तिच्यातला कबड्डीचा शेवटचा सामना. जिंकलं ते माहं सासर, हरला तो माहा भाऊ. बाया विचारत, "रुखमाबाई, तू कोणाकडून वो?" काय सांगावं, कपाळ!

लटारू, माहा लहाना भाऊ, त्या गिरणीत रोजीनं ओंडके उचले. गिरणीचे मालक गुणवंतराव कबड्डीचे शौकीन. मंडईमंडईत पैसे देऊन गडी खेळवत. लटारू त्यायचा पहिला गडी. अंगानं काटकुळा, पण मागं असा पाय फेके का समोरचा बादच! त्या तेवीसातले अकरा गुण एकट्या त्याचे. पण ओंडके उचलून त्याची कंबर आता धरू लागली होती. गुणवंतराव त्याले म्हणाले होते, "यंदाची ढाल आण, चौकीदाराची पक्की नोकरी तुले." त्या नोकरीवरच त्याचा सारा जीव होता.

अन् आमच्या गावाकडून कोपऱ्यात उभा कोण? माहा पोरगा दसरू, वीस वर्साचा घोडा.

अर्ध्या खेळात गिरणी चौदा, आम्ही नऊ. मंग आमची पोरं चढली अन् तेवीस-तेवीस झाले. शेवटची चढाई लटारूची. एक गडी शिवून रेघ गाठली का नोकरी पक्की.

तो आला. दसरू त्याचा पाय धराले वाकला. लटारूनं सवयीनं लात फेकली, ती बसली पोराच्या छातीवर. गडी बाद! सारी मंडई उभी राह्यली. रेघ दोन हातावर. पळ ना रे बाबा!

नाई पळाला. आमच्या इकडे मामा भाच्याच्या पाया पडते. चुकून पाय लागलाच तं तिथल्या तिथं वाकून भाच्याच्या पायाले हात लावते, कपाळाले नेते. दसरू रांगत होता तवापासून लटारू असंच करे. तोंडानं कबड्डी-कबड्डी चालू, अन् हा येडा वाकला, हात लावला, कपाळाले नेला. तेवढ्यात बाकीच्यायनं त्याले दाबलं.

शिट्टी वाजली. मले काहीच नाई वाटलं. ना खुशी, ना दुःख. बाया हात ओढून राह्यल्या, नाच म्हणत, अन् मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तशीच बसलेली.

"पाया पडाले देऊळ नव्हतं का रे?" एवढंच बोलून गुणवंतराव जीपमध्ये बसले. लटारूनं अंगाची माती झटकली अन् पाणी पेला.

पुढच्या बाजाराले निरोप आला. गुणवंतरावानं दसरूलेच बोलावलं. चौकीदारी त्याले, अन् यापुढं खेळाचंही गिरणीकडूनच. पोरगा हरखला. "माय, मामाले तूच सांग," म्हणे. भेकड मेला!

गेली मी बल्लारपूरले. लटारू जेवाले बसला होता. सांगतलं. वाटलं, आता ताट फेकंल. फेक ना रे, माह्या पोराले चार शिव्या दे, मी तरी मोकळी होईन! त्याचा घास चालूच.

"कधीपासून जाते दसरू?"

"सोमवारपासून."

तो हात धुऊन उठला. पेटीतून खाकी कोट काढला, नवाकोरा, घडीसुद्धा मोडली नव्हती.

"चौकीत थंडी लागते, बाई. सामन्याच्या आधीच शिवून ठेवला होता. त्याले बाही आखूड होईल, जराशी उसवून देजो."

मी घेतला. तिथंच बसून बाहीची शिवण उलटून पाह्यली.