दोन बाटल्या पाणी

केमच्या स्टेशनवर आण्णांनी माझ्या हातात पाण्याचा पाच लिटरचा कॅन दिला आणि म्हणाले, "परगावचं पानी एकदम पिऊ नगं. आदी हे सपव." एवढंच. पोरगी पहिल्यांदा घर सोडून निघालीय म्हटल्यावर बाप चार शब्द बोलेल, डोक्यावरून हात फिरवेल, अशी माझी समजूत होती. त्यांनी कॅनचं झाकण पुन्हा एकदा आवळून बघितलं आणि तो सीटखाली नीट बसवायला सांगितला. गाडी हलली तेव्हाही त्यांची नजर माझ्यावर नव्हती, खिडकीतून वाकून ते कॅन कलंडतोय का तेच बघत होते. कुर्डुवाडी येईपर्यंत मी फुगून बसले होते.

आमचं गाव उजनीच्या काठावरचं. आमची स्वतःची जमीन नाही. आण्णांचं काम मोटारी हलवायचं. उन्हाळा लागला की धरणाचं पाणी मागं सरतं, ऊस-केळीवाल्यांच्या मोटारी कोरड्या पडतात, मग कुणीतरी चिखलात उतरून मोटार पुढं न्यायची, पाइप जोडायचे, केबल ओढायची. ते कुणीतरी म्हणजे आण्णा. पाणी आज कुठवर गेलंय, हे गावात सगळ्यात आधी त्यांना कळतं. आई केळीच्या पॅकिंगला जाते. रविवारी सकाळी दोघंही विहारात वंदनेला. आमच्या वस्तीतून एमएस्सीला गेलेली मी पहिलीच, आणि आईने अट घालूनच सोडलं होतं. "दोनच वर्सं. मग हितं यायचं आन् काय ते हितंच बघायचं."

सोलापुरात मी शहराच्या पूर्वेला एका विणकर कुटुंबाच्या घरात खोली घेतली. घरमालकीणबाई घरात तेलुगू बोलायच्या आणि माझ्याशी मराठी, पण दोन्ही भाषा सारख्याच मोठ्या आवाजात, कारण खाली यंत्रमाग चालू असायचे. पहिला आठवडाभर मला वाटायचं, त्या माझ्यावर रागावल्यात. नळाला पाणी काही दिवसांआड यायचं. ज्या दिवशी येई त्या दिवशी सगळी गल्ली पाइप, पिंप, बादल्या घेऊन कामाला लागे. पहिल्या पाण्याच्या दिवशी मी बाईंना विचारलं, हे येतं कुठून? "उजनीचं की," त्या म्हणाल्या. मी आपली धरणाचं पाणी कॅनात भरून रेल्वेनं आणलं होतं, आणि तेच पाणी पाइपातून माझ्या आधीच इथं येऊन बसलं होतं. मला हसू आलं. मग पिंपावर बसून थोडी रडलेसुद्धा. बाईंनी नळाच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याची चौपदरी घडी बांधली होती. ती घडी मी दोन वर्षं बघत होते आणि मला काही सुचलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

दुसऱ्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला आमच्याच काठाचा: थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत पाण्यातलं शेवाळ कसं वाढत जातं. विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा मेळावा भरतो. एका मोठ्या हॉलात इंजिनिअरिंगवाले आपली यंत्रं मांडतात, समाजशास्त्राच्या मुली विडी कामगार बायकांच्या मुलाखती घेऊन येतात, मेडिकलची पोरं झोपेवर नाहीतर साखरेवर तक्ते लावतात, आणि आम्ही विज्ञानवाले आपापल्या बाटल्या घेऊन उभे. परीक्षक फिरतात, प्रश्न विचारतात आणि प्रत्येक गटातून एकजण राज्यपातळीवर जातो. आमच्या मॅडमनी मला सांगून ठेवलं होतं, की तू राज्याला गेलीस तर पीएचडीला तुला मी घेते. त्यामुळे माझ्यासाठी हिशोब सोपा होता. नंबर आला तर सोलापूर, नाही आला तर गाव.

पाण्याचे नमुने दर पंधरा दिवसांनी लागत होते. दर वेळी मला जाणं शक्य नव्हतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आण्णांना सगळं शिकवलं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा खंगाळायची. हात कोपरापर्यंत बुडवून खालचं पाणी घ्यायचं. तारीख, वेळ, जागा लिहायची. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायची, मी स्टँडवर उतरवून घेईन. आण्णांनी मान हलवली आणि सगळं एका वहीत उतरवून घेतलं. पुढचे सात महिने एकही एसटी चुकली नाही. अंगात ताप असतानासुद्धा त्यांनी बाटली धाडली. त्यांच्या गोल अक्षरातली लेबलं मॅडम वर्गात दाखवायच्या आणि म्हणायच्या, असं लिहायला शिका.

आता माझं शहाणपण ऐका. मार्चपासून भावकीतल्या पोरांनी व्हॉट्सअॅपवर टाकलेल्या फोटोंत काठ हिरवागार दिसत होता आणि माझ्या बाटल्यांतलं पाणी मात्र जवळजवळ नितळ. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं तर शेवाळ अगदी थोडं. इथं कुणाही माणसाला शंका आली असती. मला शंका आली नाही, मला कारण सापडलं. मोटारींच्या ओढीमुळे काठाजवळचं पाणी सतत हलतं राहतं, म्हणून तिथं शेवाळ टिकत नाही, असं मी दोन पानं भरून लिहिलं. निळ्या रंगाचा सुंदर आलेख काढला. मॅडमनी एकदा "नक्की?" म्हणून विचारलं, पण माझं कारण इतकं पटण्यासारखं होतं की त्याही गप्प बसल्या. विभागातून माझंच पोस्टर मेळाव्यासाठी निवडलं गेलं.

मेळाव्याला आठवडा उरला होता. पोस्टरवर नमुना घेतानाचा एक फोटो हवा, म्हणून मी गावी गेले. फोटो म्हटल्यावर आण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कळशी घेऊन पाण्यात उतरले. कळशी भरून ते काठावर आले. तिथं आई बाटलीच्या तोंडावर नरसाळं धरून बसली होती आणि नरसाळ्यावर तिच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, चार पदरी, धुऊन पांढराशुभ्र केलेला. आण्णा हळूहळू पाणी ओतायला लागले. मी काय बघतेय ते डोक्यात शिरेपर्यंत माझे दोन फोटो काढून झाले होते.

मी विचारलं, आण्णा, दर वेळी असंच भरता? ते म्हणाले, मग, तू सांगितल्यापरमानं, बाटली तीनदा खंगाळूनच. मी म्हटलं, आणि हे फडकं? कोपरापर्यंत हात बुडवायला सांगितलं होतं ना मी? त्यांना प्रश्नच कळेना. मग ओतायचं थांबवून ते म्हणाले, "तिथनंबी घेतो की. पर वर हिरवं लई आलंय. माज्या आज्ज्याच्या टायमाला आपल्या हातचं पानी घ्यायला लोक मागं सरायचं. आता युनिवर्सिटी मागून घेतीया. मग गढूळ दिऊ व्हय?"

मी मोबाइल पिशवीत ठेवला. आईनं बाटलीला झाकण लावलं, आण्णांनी लेबल चिकटवलं आणि मी ती बाटली घेऊन सोलापूरला आले. चूक त्यांची नव्हतीच. मी त्यांना दहा गोष्टी शिकवल्या होत्या, पण 'गाळू नका' हे सांगायचं मला सुचलं नव्हतं, कारण माझ्याही डोक्यात पाणी द्यायचं म्हणजे गाळूनच द्यायचं, असंच होतं. एसटीत बसून मी हेही ठरवून बघितलं की गप्प राहावं. कुणाला कळणार होतं? निळा आलेख तयार होता, कारण तयार होतं, आणि खरं काय ते सांगू शकणारं एकमेव फडकं आमच्या घरच्या दोरीवर वाळत होतं. टेंभुर्णी गेलं, मोहोळ गेलं, तरी मी गप्पच राहायचं ठरवत होते. सोलापूरचा स्टँड आला आणि मी बाटलीचा डबा उचलला. लेबलावर त्यांनी वेळसुद्धा मिनिटासकट लिहिली होती. एवढ्या खऱ्या माणसाच्या अक्षराखाली खोटं पोस्टर लावायला माझा हात धजेना.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. पहिल्या बाटलीपासून का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "पोस्टर मागं घेतलंस तरी मी काही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "लावलंस तर खरं लाव." मी लावलं. आलेख तोच ठेवला, मोटारींचं ते कारण खोडलं आणि खाली लिहिलं की हे धरणाचं पाणी नाही, हे सुती कापडाच्या चार पदरांतून गाळलेलं धरणाचं पाणी आहे, त्यामुळे धरणाबद्दल मला यातून काहीही सांगता येत नाही.

एका परीक्षकांनी विचारलं, नमुने कुणी घेतले? माझ्या वडिलांनी, मी म्हटलं. आणि गाळले? त्यांनीच. मागं कुणीतरी फिसकन हसलं. का गाळले, असं त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर माझ्या जिभेवर होतं. तरी मी एवढंच म्हणाले, "आमच्याकडे पाणी गाळूनच देतात, सर." तेही खोटं नव्हतं. पण आण्णांचं वाक्य मी त्या हॉलात उच्चारलं नाही. बरं केलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शेजारच्या टेबलावर पाण्याची गाळणी बनवून आणलेला इंजिनिअरिंगचा एकजण जेवणाच्या सुट्टीत आला आणि अगदी गंभीरपणे विचारू लागला, की लुगडं किती जुनं होतं, कारण जुन्या कापडाची वीण घट्ट बसते. त्या दिवसात मी हसले ते तेवढंच. माझा नंबर आला नाही.

आण्णांचा फोन आला, नंबर आला का म्हणून. मी नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. जी गोष्ट मी आठवडाभर टाळत होते ती दोन वाक्यांत संपली. मग ते म्हणाले, त्याच वक्ताला का न्हाय सांगितलं, दुसरं भरून दिलं असतं. आणि फोन ठेवला. पुढचे दोन दिवस फोन नाही. मला वाटलं, आपण ते फोनवर सांगायला नको होतं. घरी जाऊन, समोर बसून सांगायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मॅडम म्हणत होत्या की नोव्हेंबरपासून पुन्हा सुरू कर, वर्ष जाईल पण काम पक्कं होईल, आणि ते आईला कसं सांगायचं या विचारात मी होते. आईनं मला बोलूच दिलं नाही. ती म्हणाली, तुझ्या बापानं दोन दिवस डोकं खाल्लंय माझं. मग तिनं फोन त्यांच्या हातात दिला. आण्णा म्हणाले, "तुजं एक वरीस माज्यापायी गेलं. म्हंजे हे फुडलं वरीस माज्या नावावर. आईनं कबूल केलंय." जे मी नंबर मिळवून मागणार होते, ते त्यांनी स्वतःवर चूक घेऊन मला मिळवून दिलं. मी फोनवरच रडले आणि लपवलं नाही.

ते एक वर्ष लांबत गेलं. पुढं मॅडमनीच पीएचडीला घेतलं, तीही झाली, आता मी त्याच विभागात शिकवते. घरमालकीणबाईंच्या शेजारच्या गल्लीत माझं स्वतःचं बिऱ्हाड आहे, त्यांच्याशी मीही मोठ्यानंच बोलते आणि तेलुगूतलं भांडण मला बऱ्यापैकी समजतं. नव्या मुलांना नमुना घ्यायला शिकवताना मी पहिलं वाक्य सांगते, पाणी गाळू नका. मुलं एकमेकांकडे बघून हसतात, एवढं सांगायला लागतं का म्हणून. गावी गेलं की आण्णाच विचारतात, "रिडिंग कसं आलं?" आणि आई म्हणते, तुमचं दोघांचं चालू द्या. वस्तीवरच्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही विचारता परत कधी येणार, आणि पुण्याला गेलेल्या तुम्ही विचारता की अजून सोलापुरातच का. तुम्हा सगळ्यांनाच मी उडवाउडवीची उत्तरं देते. खरं उत्तर थर्माकोलच्या डब्यात आहे.

त्या नोव्हेंबरात पहिला डबा आला तेव्हा स्टँडवरच मी तो उघडला. आत दोन बाटल्या होत्या. मी फोन लावला. आण्णा म्हणाले, "एक जशीच्या तशी भरलीया, तुज्या युनिवर्सिटीला. दुसरी गाळून, उकळून, गार करून." तेव्हापासून आजतागायत डब्यात दोनच बाटल्या येतात. माझ्या नळाला त्याच धरणाचं पाणी येतं, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. ते व्हय म्हणतात आणि दोनच धाडतात. एकीवर तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली असते, ती मी प्रयोगशाळेत जमा करते. दुसरीवर काही लिहिलेलं नसतं. ती मी घरी नेते आणि पिते.