दुकानात चालणारा कम्प्युटर

ऐन लग्नसराईत माझा कम्प्युटर बिघडला. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर घरीच तयार करून द्यायचे, हा माझा उद्योग. ज्या जुन्या मराठी फॉन्टवर माझा हात बसलाय, तो नव्या मशीनवर चालत नाही, म्हणून तो जडशीळ डबा मी इतकी वर्षं सांभाळला होता. बटण दाबलं की पंखा घुरघुरायचा, पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटायचं आणि सगळं काळं व्हायचं. मग आपोआप पुन्हा सुरू. पुन्हा काळं.

मला येत होतं तेवढं करून पाहिलं. झाकण काढून धूळ उडवली, रॅमची पट्टी खोडरबरानं घासून परत बसवली, आतला गोल सेल बदलला. फरक पडला नाही. शेवटी तो डबा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि जीपमधून तालुक्याला, लोहाऱ्याच्या कम्प्युटरच्या दुकानात नेला.

तिथं दुकानदारानं वायर लावली आणि कम्प्युटर गुमान सुरू झाला.

"ताई, याला काहीच झालेलं नाही," तो म्हणाला. तरी त्यानं तो दुपारभर चालवून पाहिला. एकदाही बंद पडला नाही. घरी आणून लावला, तर पुन्हा तेच.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मग मशीनचं सोडा, घरातली लाईट बघा. व्होल्टेज पडत असंल. बल्ब मधीच मंद होतोय का?"

मी वर पाहिलं. तेवढ्यात फ्रीज सुरू झाला आणि बल्ब पिवळा पडला. फोन खाली ठेवून डबा सरकवायला म्हणून मी त्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला. फरशीवर अनवाणी बसले होते. बोटांतून कोपरापर्यंत काहीतरी सरसरत चढलं. मी हात मागं ओढला आणि तसाच छातीशी धरून बसले.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांना आत्या म्हणते.

"न्हाणीतला नळबी असंच करतोय," त्या म्हणाल्या.

"असंच म्हंजे?"

"चावतोय. वला हात लावला की मुंग्या येत्यात."

"कवापासून? बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू म्हनली असतीस साखरंच्या मुंग्या हायेत. डॉक्टरबी तेच म्हनतोय."

आत्यांना साखरेचा आजार, त्यामुळं मी खरंच तसंच म्हटलं असतं. आमचा नळ लोखंडी, आणि त्याच पाइपला खाली पाण्याची मोटर जोडलेली. म्हणजे कम्प्युटरच्या पत्र्यात आलेला करंट मोटरमधून नळातही उतरत असणार. न्हाणीत बादली भरत होती. ती भरून वाहायला लागल्याचा आवाज आला, तशा आत्या नळ बंद करायला वळल्या.

"आत्या, नळाला हात लावू नका."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. त्याही थबकल्या.

"पानी वाया चाललंय की."

"जाऊ द्या. तुम्ही अंगणात चला. कशालाच शिवू नका."

मेन स्विच ओसरीत, पत्र्याच्या पेटीवर. रोज डोळ्यांसमोर असलेली ती पेटी, पण आता तिच्याजवळ जायला पाय उचलेना. रबरी चपला घातल्या, लाकडी पाट ओढून त्यावर उभी राहिले आणि लाटण्यानं खटका खाली दाबला. पहिल्यांदा लाटणं निसटून पेटीवर आपटलं, तशी मी दचकून पाटावरून खालीच उतरले. भिंतीला धरायचं नाही, एवढंच स्वतःला बजावत परत चढले. दुसऱ्यांदा खटका पडला. फ्रीज गप्प झाला. न्हाणीत टाकीचं पाणी वाहतच होतं.

गावातला वायरमन जेवण टाकून आला. मीटरपाशी न्यूट्रलची तार जळून सैल झाली होती. कधीकाळी कुणीतरी अर्थिंगची तार त्याच न्यूट्रलला बांधून ठेवली होती. त्यामुळं परत जायचा करंट घरातल्या लोखंडात शिरत होता, आणि उन्हाळ्यानं अर्थिंगचा खड्डा कोरडा पडल्यावर जास्तच.

"नळ कुणी धरला न्हाय ना?" त्यानं विचारलं.

"रोज धरत हुते की," आत्या म्हणाल्या.

त्यानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा स्क्रू आवळायला लागला. सगळं दुरुस्त करून, टेस्टर लावून दाखवून तो गेला. त्याची पाठ वळताच मी मेन स्विच परत बंद केला.

आमचे मालक, म्हणजे आत्यांचा मुलगा, एसटीवर ड्रायव्हर आहेत. दिवस मावळताना ते आले, तर घरात अंधार.

"लाईट गेलीय का?"

"न्हाई. मीच बंद केलीय."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खटका वर केला. बल्ब पांढरा लख्ख लागला. आत्या हातपाय धुवायला न्हाणीकडं निघाल्या. मी धावत पुढं गेले आणि त्यांच्या आधी नळाला हात लावला. नुसतं गार लोखंड लागलं. मग मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. आत्यांनी माझ्या डोक्यावरून हात पुढं करून तांब्या भरून घेतला.

सकाळी कम्प्युटर सुरू झाला. हातातल्या पत्रिकाही वेळेत गेल्या. पण अजूनही आत्या न्हाणीत असल्या की मी दाराबाहेर उभी राहते, आणि आतून तांब्याचा आवाज थांबला की हाक मारते.