चौपाटीवर खुशालराव गायले

अर्धांगाचा झटका आला तेव्हा खुशालराव भातकुलीच्या आपल्या शेतात होते. तुरीच्या ओळीत खाली बसले ते उठलेच नाहीत. अमरावतीच्या दवाखान्यातून जीव वाचवून बाहेर आले, पण उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायचा, आणि बोलणं पार गेलं. उरला एकच शब्द, "तेच." पाणी पाहिजे असलं तरी तेच, भूक लागली तरी तेच, पोरगा समोर आला तरी तेच.

आणि हा माणूस कसा होता, तर अख्ख्या भातकुलीत त्याच्यासारखा बोलका नाही. पारावर असो की एसटीत, खुशालरावांचा आवाज सगळ्यांच्या वर. समज सगळी शाबूत होती. डॉक्टरांनी ते स्पष्टच सांगितलं होतं. दुर्गाबाईला, त्यांच्या बायकोला, तेच जास्त लागायचं. आत सगळं कळतं आहे आणि दार बाहेरून लावलेलं.

पोरगा नितेश अमरावतीत मोबाइलचं दुकान चालवायचा. फिजिओवाला जवळ पडेल म्हणून त्यानं दोघांनाही आपल्याकडे आणलं. तिसरा माळा, दोन खोल्या. नितेश आणि सून प्रणाली सकाळी कामाला गेले की दिवसभर भिंती बघायच्या. शेवटी प्रणालीच म्हणाली, "आई, कठोरा रोडच्या चौपाटीवर शनिवारी गाणी असतात. फुकट आहेत. घेऊन जा बाबांना. तेवढंच मोकळं वाटेल."

चौपाटी म्हणजे मोठं मोकळं मैदान. कडेनं गिलावडा, पाणीपुरी, आइस्क्रीमच्या गाड्या, एका कोपऱ्यात पोरांची झुकझुक गाडी, मधोमध सिमेंटचा ओटा. त्या ओट्यावर दर शनिवारी दिवेलागणीला रागिणी नावाची पोरगी जुनी हिंदी-मराठी गाणी म्हणायची. सोबत एक ऑर्गनवाला, एक ढोलकवाला. तिकीट नाही, काही नाही. बसायचं आणि ऐकायचं.

दुर्गाबाईनं आयुष्यात कधी असं नुसतं बसून गाणं ऐकलं नव्हतं. लग्नातल्या वाजंत्रीत पोळ्या लाटत असायची, भजनात चहा करत असायची. इथं पहिल्या शनिवारी ती समोरच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसली, आणि गाणं सरेपर्यंत आपल्या हातांना काहीच काम नाही, याचंच तिला नवल वाटत राहिलं. घरी जाताना ती नवऱ्याला म्हणाली, "चांगलं वाटलं ना जी?"

"तेच," खुशालराव म्हणाले. पण या वेळी ते बरोबर बसलं. दुर्गाबाईला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

मग दर शनिवार ठरला. असाच एक शनिवार. रागिणीनं एक जुनं गाणं घेतलं. वखर हाकताना खुशालराव ते नेहमी म्हणायचे. दुर्गाबाईला शेजारून आवाज आला. आधी वाटलं, मागचं कोणी म्हणतं आहे. मान वळवून पाहिलं तर खुशालराव. नजर रागिणीच्या तोंडाकडे, आणि गाण्याचा शब्दन् शब्द बाहेर पडत होता. खरखरीत, थोडा मागे राहिलेला, पण सगळा. पूर्ण कडवं. दुर्गाबाईनं त्यांचा लुळा हात दोन्ही हातांत धरला आणि हलायलाही भ्याली.

गाणं संपलं. ती घाईघाईनं म्हणाली, "आता म्हना, दुर्गा म्हना. मले नावानं हाक मारा."

खुशालरावांनी तोंड उघडलं. कपाळाला आठ्या पडल्या. "तेच," ते म्हणाले, आणि मान खाली घातली.

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "होतं असं. गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं. गाणं आलं म्हणजे बोलणं येईलच, असं मात्र धरून चालू नका."

दुर्गाबाईनं धरलं. घरी तिनं मोबाइलवर तेच गाणं लावून पाहिलं. खुशालराव ऐकायचे, पण तोंड हलायचं नाही. त्यांना समोर गाणारं माणूस लागायचं. दुर्गाबाईनं दार लावून स्वतः म्हणून पाहिलं, पण तिला सूर लागेना. खुशालराव तिच्याकडे नुसतं मायेनं बघत राहिले. म्हणून ती शनिवारची वाट बघायची. आठवड्यातून तेवढी घटकाभर तिला नवऱ्याचा आवाज मिळायचा.

एका शनिवारी नितेशही आला. बापाला गाताना पाहून त्याचे डोळे भरले. त्यानं मोबाइलवर ते टिपलं आणि सगळ्यांना पाठवलं. दोन दिवसांत भातकुलीपासून अकोल्याच्या नातेवाइकांपर्यंत पोचलं. दुकानात येणारे विचारू लागले, "हे तुझे बाबा का?" चौपाटीच्या मॅनेजरचाही फोन आला. पुढच्या शनिवारी काकांना ओट्यावर आणा, लोकांना आवडेल.

"काहून नेतं रे त्यायले वर?" दुर्गाबाई म्हणाली. "बाकावर बरे हायेत."

"माय, लोक टाळ्या वाजवतीन. त्यायले बरं वाटन. सहा महिन्यांत कोनी त्यायच्यासाठी टाळी वाजवली का?"

तिला नाही म्हणवलं नाही. तिलाही ते हवं होतं, हे खोटं कशाला सांगा. खुशालरावांना विचारलं तर "तेच" म्हणाले. त्याचा अर्थ दोघांनी होच घेतला. तिनं त्यांना धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी नीट केली.

त्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. नितेशनं बापाला धरून ओट्यावर चढवलं, खुर्चीत बसवलं आणि खाली आला. त्यानं मॅनेजरला एवढंच सांगितलं होतं की बाबांना बोलायला जरा त्रास होतो. रागिणीपर्यंत तेही पोचलं नव्हतं. तिनं हसून माइक पुढे केला. "काका, आधी नाव सांगा तुमचं."

खुशालरावांनी माइककडे पाहिलं. "तेच."

लोक हसले. रागिणीला वाटलं, काका गंमत करत आहेत. "बरं, गाव कोणतं?"

"तेच."

आता मैदानभर हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, "काकू कुठं आहेत, काका?" खुशालरावांच्या मानेच्या शिरा ताठल्या. सगळं बळ लावून ते काहीतरी सांगू बघत होते. ओठ थरथरले, आणि पुन्हा तोच शब्द बाहेर पडला, मोठ्यानं, माइकमधून. पोरं तर पोट धरून हसत होती. समोर मोबाइलच मोबाइल वर झाले होते.

दुर्गाबाई उठून पुढे निघाली, पण माणसांतून वाट मिळेना. तेवढ्यात ऑर्गनवाल्यानं गाणं सुरू केलं. रागिणी गाऊ लागली, माइक खुशालरावांच्या तोंडाशी धरला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हा कुठं रागिणीला काहीतरी उमगलं, ती गाता गाता थांबली. नितेशनं वर धाव घेतली.

घरी आल्यावर नितेश बापाच्या पायाशी बसला. "बाबा, चुकलं माहं." खुशालरावांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. पण त्या दिवसापासून त्यांनी तो एक शब्दही टाकला. काही लागलं तर बोट दाखवायचे. शनिवारी दुर्गाबाईनं चपला पुढे ठेवल्या, तर त्यांनी पायानं बाजूला सारल्या.

पंधरवड्यानं रागिणी पत्ता शोधत घरी आली. दारातच रडवेली झाली. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुहा काय दोष वं बाई. बस."

चहा झाल्यावर ती खुशालरावांसमोर खाली बसली आणि अगदी हळू आवाजात त्यांचं गाणं म्हणू लागली. खुशालरावांनी डावा हात उचलून डाव्या कानावर घट्ट दाबला. उजवा हात उचलायला गेले, तो मांडीवरून वर येईना. एक कान उघडाच राहिला. ते तसेच, एक कान झाकून, भिंतीकडे बघत बसले.

"राहू दे, बाई," दुर्गाबाई म्हणाली.

पुढे एका शनिवारी भाजी आणते म्हणून ती एकटीच बाहेर पडली आणि पाय चौपाटीकडे वळले. आत जायचं धाडस झालं नाही. फाटकाशी फुगेवाल्याच्या आडोशाला उभी राहून तिनं दोन गाणी ऐकली. गाणी तितकीच गोड होती, याचाच तिला राग आला. परत आली तेव्हा खुशालराव पलंगावर बसले होते. त्यांनी तिच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दुर्गाबाई शेगडीशी गेली, आणि गॅस पेटवायचा विसरून तिथंच उभी राहिली.

होळीनंतर दोघं भातकुलीला परतली. सुरुवातीला लोक भेटायला यायचे, खुशालरावांशी बोलायचे. उत्तर येत नाही म्हटल्यावर दुर्गाबाईशीच बोलायचे, आणि मग येणंही कमी झालं. रागिणीचा मात्र अधूनमधून फोन यायचा. तिचा एकच प्रश्न असायचा, "काका म्हणतात का काही? गाणं वगैरे?"

दुर्गाबाई पहिल्यांदा म्हणाली, म्हनतीन. दुसऱ्यांदा म्हणाली, पाहू. श्रावणात फोन आला तेव्हा खुशालराव ओसरीत बसून रस्त्याकडे बघत होते. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

"नाई वं बाई," ती म्हणाली. "आता नोको इचारत जाऊ."

पलीकडून पोरगी म्हणाली, "बरं, काकू." त्यानंतर तिचा फोन आला नाही.