वेल्डरच्या हातमोज्यांतला राजा

सहा जानेवारी, वार रविवार, सकाळी साडेनऊच्या सुमारास भिवंडीतल्या आमच्या चर्चच्या दारात तीन राजांपैकी एकच राजा पोहोचला. उरलेले दोघे त्या वेळी टांगा स्टँडवर होते. सत्तरचं दशक निम्म्यावर यायला थोडा अवकाश होता. मी पॅरिश कमिटीचा चिटणीस होतो आणि ठाण्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. त्यामुळे बहुतेक गोष्टी तेव्हाच वहीत उतरल्या.

हा सण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वेकडचे तीन राजे बाळ येशूच्या दर्शनाला आले, पहिल्यानं सोनं आणलं, दुसऱ्यानं ऊद, तिसऱ्यानं गंधरस, अशी श्रद्धा आहे. नाताळचा सण त्या दिवशी पुरा होतो. आमच्याकडे पॅरिशमधले तीन पुरुष मुकुट घालून टांग्याच्या घोड्यांवर बसत, बाजारातून मिरवत चर्चला येत आणि मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, मध्यावर या भेटी गव्हाणीपुढे ठेवत. चित्रांत एक राजा काळा असतो. आमच्या कमिटीनं तो तिसरा ठरवला होता.

पॅरिश म्हणजे एका चर्चखालची सगळी घरं. आमची लहान होती. काही घरं वसईकडची, काही गोव्याची, काही नगरकडची. नाताळात आम्ही सगळे एक होत असू, फक्त बाक वेगवेगळे असत. वसईकडचे पुढे, गोव्याचे वाजवायच्या पेटीजवळ, नगरकडचे दारापाशी. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, असं प्रत्येक जण सांगे. फराळाची ताटंही याच क्रमानं फिरत. पुढच्या बाकावरच्या घरात भाजलेला केक मागच्या बाकावर पोहोचेपर्यंत त्याचा चुरा झालेला असे, आणि मागच्या बाकावरून निघालेल्या करंज्या पुढच्या बाकावर पोहोचल्याची नोंद नाही.

नाताळच्या आधी आठवडाभर गायनमंडळ गाणी म्हणत गल्ल्यागल्ल्यांतून फिरे. पुढे काठीवर पतंगाच्या कागदाचा तारा. भिवंडीत लूमना, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे बाकीचे सहा दिवस आमच्या चार आवाजांतल्या गाण्यावर खडखडाटाचा पाचवा आवाज असे, आणि तोच काय तो तालात असे. एकदा एका कारखान्याच्या दारात बनारसकडचा एक विणकर हात पुसत बाहेर आला आणि त्यानं विचारलं, "कौन पार्टी है, भाई?"

आमचे गायनमास्तर म्हणाले, "येशू का जन्मदिन है."

"निशानी क्या है?"

मास्तरांनी वर बोट केलं. विणकरानं ताऱ्याकडे नीट पाहिलं. "ठीक है," तो म्हणाला, "देखेंगे." आणि लूमवर परत गेला.

हे मास्तर म्हणजे बँकेतले कारकून, गोव्याचे, वर्णानं गोरे आणि त्याची जाणीव असलेले. दुसरा राजा बहुतेक वर्षी तेच असत. पहिला राजा, सोनं आणणारा, कमिटीचे अध्यक्ष. त्यांचं लूमच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि सगळे त्यांना शेठ म्हणत. ते पुढच्या बाकावरचे. तिसरा राजा सात वर्षं एकच माणूस होता. नगरकडचा, आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला, एका कारखान्यात जॉबर. बिघडलेला लूम कानानं ओळखून दुरुस्त करणारा. तो मुळात सावळा होता. तेवढ्यावर कमिटीचं समाधान होत नसे, म्हणून दर वर्षी त्याच्या तोंडाला कंदिलाची काजळी फासली जाई. ते काम शेठच्या घरी, शेठच्या अंगणात, हसत हसत चाले.

त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी जॉबर माझ्याकडे आला. त्याच्या मुलीला नाशिकरोडहून स्थळ आलं होतं. मुलगा छापखान्यात, माणसं बरी, मूळ नगरकडचीच, पण आता तसं फारसं न सांगणारी. ती तीन राजांच्या रविवारी येणार होती. आधी मिस्सा, मग मुलगी बघणं.

"एक अर्ज लिहून द्या," तो म्हणाला. "यंदा मला पहिला राजा करा म्हणून. न्हाय जमलं तर कुठलाच नको."

मी म्हणालो, एवढं काय त्यात.

"तुम्ही पुढच्या बाकावर बसता, तुम्हाला न्हाय कळायचं. ती माणसं बाकावर बसणार. त्यांच्या म्होरून मी तोंडाला काजळी लावून, सगळ्यांच्या मागून येणार. मग घरी जाऊन त्यांना सांगू, आम्हाला पॅरिशमध्ये लई मान हाय म्हणून?"

मी अर्ज लिहून दिला.

कमिटीची बैठक त्याच आठवड्यात झाली, जॉबरलाही बोलावलं होतं. शेठनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि प्रेमानं म्हणाले, "अरे, राजे सगळे सारखेच. देवापुढे लहानमोठं असतं का?"

"न्हाय ना?" जॉबर म्हणाला. "मग बदला."

"बदलायचं कशाला, सारखेच आहेत तर?"

मास्तर म्हणाले की प्रश्न चित्राचा आहे, चित्रात जसं आहे तसं दिसायला हवं. जॉबरनं विचारलं, चित्रात पहिल्या राजाला ढेरी हाय का. शेठनी ती सूचना कामकाजातून वगळायला सांगितली. मी वगळली, पण वहीत ठेवली.

फादर तोवर ऐकत होते. म्हातारे, वसईचेच, तपकीर ओढणारे. त्यांनी कपाटातून शुभवर्तमान काढलं आणि तो भाग आम्हाला वाचून दाखवला. मग म्हणाले, "यात काळा कुठं आहे?" त्यांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. "राजा कुठं आहे? ज्ञानी लोक म्हटलंय. आणि तीन कुठं आहेत? भेटी तीन आहेत. माणसं किती, ते दिलेलं नाही."

मग शेठनी ठराव मांडला की शुभवर्तमानात काहीही असलं तरी पॅरिशची परंपरा कायम ठेवावी. मास्तरांनी अनुमोदन दिलं. ठराव मताला पडणार तेवढ्यात फादरनी तपकिरीच्या पुडीचा कागद फाडून तीन तुकडे केले, त्यांवर एक, दोन, तीन लिहिलं आणि तीन राजांनी आताच चिठ्ठी उचलावी असं सांगितलं. फादरना नाही म्हणायची परंपरा नव्हती.

जॉबरला एक आला. शेठना दोन. मास्तरांना तीन.

मास्तरांनी आपली चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग त्यांना आठवलं की त्यांच्या त्वचेला काजळी चालत नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय, लहानपणी.

"सात वर्षं माझ्या कातडीला चालली," जॉबर म्हणाला.

"तुझं वेगळं."

"आत्ताच सारखं होतं."

काजळी लावायची नाही, पण परंपरा मोडायची नाही, यावर पाऊण तास चर्चा झाली. अखेर असं ठरलं की मास्तरांनी तोंड आहे तसंच ठेवावं आणि काळेपणा दाखवण्यासाठी हातात काळे हातमोजे घालावेत. भिवंडीत काळे हातमोजे मिळाले ते एका वर्कशॉपमध्ये, वेल्डरचे. जाड, कोपरापर्यंत येणारे, बोटं न वाकणारे.

शेठनी एवढंच केलं की सोन्याची पेटी म्हणून दर वर्षी त्यांच्या घरून येणारं पितळी पानदान यंदा येणार नाही, असं कळवलं. ते दुरुस्तीला टाकलंय म्हणे. पानदानात दुरुस्त करण्यासारखं काय असतं, ते मी विचारलं नाही. जॉबरनं लूमचा एक निकामी पितळी बुश, कड्यासारखा सुटा भाग, चिंचेनं घासून लखलखीत केला आणि लाल कापडावर ठेवला. तो पानदानापेक्षा जास्त चमकत होता.

रविवारी सकाळी तिन्ही घोडे आले. ते एका म्हाताऱ्या टांगेवाल्याचे. त्याला सगळे चाचा म्हणत. इथे एक जुनी व्यवस्था सांगायला हवी. चाचा दर वर्षी पहिल्या घोड्याचा लगाम धरून चालत असे. पहिल्या राजाचा मान म्हणून, अशी वहीत नोंद आहे. खरं कारण, शेठना घोड्याची भीती वाटत असे. दुसऱ्या घोड्याचा लगाम चाचाचा पुतण्या धरी. तिसऱ्याचा कोणी धरत नसे. जॉबर सात वर्षांत घोडा हाकायला शिकला, तो त्यामुळे.

त्या दिवशी पुतण्या आला नव्हता. चाचानं सवयीनं पहिल्या घोड्याचा लगाम धरला. त्यावर जॉबर बसला होता.

"चाचा, मला नको, मागं धरा," जॉबर म्हणाला.

"मेरेको बोला है पहिला घोडा पकडने का," चाचा म्हणाला. "दस साल से पहिलाच पकडतो मी. कमिटीला विचार."

कमिटी त्या वेळी दोन नंबरच्या घोड्यावर बसली होती आणि भीती वाटते असं दहा माणसांसमोर म्हणणं तिला शक्य नव्हतं. "चला, चला, उशीर होतोय," शेठ म्हणाले. मिरवणूक निघाली.

मी पुढे होतो, त्यामुळे नाक्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही. शेठनी आणि मास्तरांनी मला वेगवेगळं सांगितलं. जुळतं तेवढंच लिहितो. नाक्यावर सूत गुंडाळलेल्या जाड रुळांनी, बीमांनी, लादलेली हातगाडी आडवी आली. पहिला घोडा चाचानं बाजूनं काढला. मागच्या दोघांना वाट मिळेपर्यंत मिरवणूक वळणाआड गेली. मास्तरांना वेल्डरच्या हातमोज्यांत लगाम आवळता येईना. त्यांचा घोडा रोजच्या सवयीनं डावीकडे वळला, एस. टी. स्टँडजवळच्या टांगा स्टँडकडे, पाण्याच्या हौदाला. शेठचा घोडा त्याच्या मागून गेला. तिथे दोघे आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. म्हणजे घोडे. वरचे दोघे उतरवून घेणारं कोणी दिसतं का बघत होते.

टेमघरचा एक दूधवाला कॅन घेऊन उभा होता. त्यानं मुकुटांकडे पाहिलं. "कल्याण नाक्यावर सोडाल काय?"

"आम्ही राजे आहोत," शेठ म्हणाले.

"आसाल. टांगा कुठं हाय तुमचा?"

चर्चमध्ये अर्पणाची वेळ झाली. नाशिकरोडची पाहुणे मंडळी, मुलाचे आईवडील आणि एक काका, जॉबरच्या बायकोनं आणून बसवली होती ती दारापाशीच्या बाकावर, नेहमीच्या. मास्तर नसल्यामुळे गायनमंडळानं सुरू केलेलं गाणं संपवायचं कसं ते कोणाला कळेना, म्हणून त्यांनी ते चार वेळा म्हटलं. फादर वेदीपाशी उभे राहून दाराकडे बघत होते. चौथ्या वेळी त्यांनी मानेनं पुढे यायची खूण केली. जॉबर मधल्या वाटेनं एकटाच आला. मुकुट, शेठच्या मापाचा लाल झगा, स्वच्छ धुतलेलं तोंड. गुडघे टेकून त्यानं पितळी बुश गव्हाणीपुढे ठेवला. फादरनी एकच भेट स्वीकारली आणि मिस्सा पुढे सुरू केली. माणसं किती ते दिलेलं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मिस्सानंतर अंगणात चहा होता. मुलाच्या वडिलांनी जॉबरचा हात हातात घेऊन विचारलं, "बाकीचे दोन कुठं गेले?"

"येतायत मागून," जॉबर म्हणाला.

तेवढ्यात शेठ आले, पायी. मुकुट काखेत. पाहुणे दिसताच त्यांनी चेहरा नीट केला, जॉबरच्या खांद्यावर हात टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, "ओळख झाली ना? हा आमचा काळा राजा. सात वर्षं झाली, दुसरा कोणी शोभतच नाही."

मुलाच्या आईनं कप बशीत ठेवला. जॉबरची मुलगी केकचं ताट घेऊन दोन पावलांवर उभी होती, ती तिथेच थांबली.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मग यंदा काळा कोण होता?"

शेठनी फाटकाकडे पाहिलं. मास्तर आत येत होते. हातमोजे अजून हातातच होते, एकट्याला काढता येत नव्हते.

"हे," शेठ म्हणाले.

पाहुण्यांनी मुलगी पाहिली, जेवले आणि दुपारच्या गाडीसाठी कल्याणला गेले. चाचानं त्यांना टांग्यातून स्टेशनपर्यंत सोडलं. हो किंवा नाही, पाहुण्यांनी काही सांगितलं नाही. जॉबर पुढचे बारा दिवस पोस्टमनची वाट पाहत होता. कारखान्यात त्याच्या हाताखालच्या माणसांनी मला सांगितलं की त्या दिवसांत त्याला एका लूमचा बिघाड दोनदा चुकला.

पत्र आलं ते त्यानं मला वाचायला दिलं. मुलगी पसंत होती. हुंडा नको होता. आमच्यात लग्न मुलीच्या पॅरिशमध्ये लागतं. त्यांनी ते नाशिकरोडच्या चर्चमध्ये लावावं अशी एकच अट घातली होती. कारण लिहिलेलं नव्हतं. जॉबरनं परतीच्या टपालानं होकार कळवला.

फादरनी आमच्या चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचे पुकारे वाचले. कोणाची हरकत आली नाही. शेठनी विचारलं की पॅरिशला आमंत्रण आहे का. जॉबर म्हणाला, फादरना आहे.

डिसेंबरमध्ये कमिटीनं ठराव केला की घोडे बंद करून राजांनी पायी यावं, आणि चिठ्ठ्यांची पद्धत एका वर्षापुरती होती असं समजावं. तिसऱ्या राजासाठी जॉबरला पत्र पाठवलं. त्यानं त्याच कागदाच्या मागे "जमणार नाही" असं लिहून परत केलं. मग नगरकडच्या आणखी तीन घरांत विचारणा झाली. तिथूनही तेच उत्तर आलं. मास्तरांनी त्वचेचं कारण पुन्हा नोंदवायला सांगितलं.

सणाच्या दिवशी मिरवणूक वेळेवर निघाली. राजे दोन होते.