टाके कुणी काढले?

तिसरा कोपरा वळलो तरी ब्रेन्ना मेडिकलच्या मुलाखतीबद्दल अवाक्षर बोलली नव्हती.

आमच्याकडे मैलामैलाचे शेतांचे चौकोन आणि त्यांच्या चारी बाजूंनी खडीचे रस्ते. एक चौकोन चालून घरी आलं की माझा रोजचा फेरा होतो. एरवी मी एकटीच जाते, बोटांच्या पेरांवर नाम मोजत. त्या दिवशी दुपारी ती मागल्या दारी येऊन उभी राहिली. "मिसेस बी, चालायला निघालात का? मी येऊ?" म्हणाली, म्हणून नाम बाजूला ठेवलं. बीट काढणीचे दिवस होते. शेतातून कारखान्याकडे जाणारे ट्रक धूळ उडवत जात होते आणि प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देत होता. ब्रेन्नाही बोट उचलत होती, पण मान खाली घालून.

"निम्मे तर तुझ्या वडिलांचे दोस्त आहेत. बघ तरी त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"बघितलं की थांबतात आणि विचारतात."

"काय?"

"डॉक्टर झालीस का म्हणून."

मी हसले. ती हसली नाही.

हॉगस्टॅड मंडळी आमचे शेजारी. आम्ही निल्सबीला आलो ते माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे. उसाच्या साखरेतून ते बिटाच्या साखरेत आले आणि मी सांगलीकडच्या उन्हातून नॉर्थ डकोटाच्या बर्फात. तेव्हा ब्रेन्नाची आई कॉनी पोटुशी होती. मला पहिल्या हिवाळ्यात बूट कसे घालायचे हे तिनं शिकवलं आणि तिच्या बाळंतपणात मी तिला भात-वरण करून घातलं. ब्रेन्ना ते अजून मागते. कॉनी शाळेची बस चालवते, लाइल ट्रक चालवतो. गावात एक चर्च आहे, एक दारूचा गुत्ता आहे आणि डॉक्टर फक्त मंगळवारी येतो. बाकी सहा दिवस आजारी पडायचं नाही, असं लाइल म्हणतो.

ब्रेन्ना चौथीत असताना तिचे आजोबा हिमवादळात अंगणात कोसळले. रस्ते बंद होते. गावातला म्हातारा गुरांचा डॉक्टर रात्रभर त्यांच्या उशाशी बसून होता. आजोबा वाचले, पण तोंड वाकडंच राहिलं. तेव्हापासून या पोरीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं. लाइल चिडवायचा, "हो की. आधी माझ्या पाठीचं बघ, मग जगाचं." ती खरंच त्याच्या पाठीवर गुडघा देऊन बसायची.

सोळाव्या वर्षी ती गावाच्या वृद्धाश्रमात कामाला लागली. म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं. मी तिथं आठवड्यातून एकदा जाते, लोकर विणणाऱ्या बायकांबरोबर बसते. ओपल म्हणून एक नव्वदीची बाई आहे, कुणालाच अंगाला हात लावू देत नाही. तिनं मला एकदा सांगितलं, "ही हॉगस्टॅडांची पोरगी आधी हात चोळून गरम करते आणि मग लावते. बाकीच्या गारठलेल्या मासळीसारखा हात लावतात." घरी आली की ब्रेन्ना माझ्या स्वयंपाकघरात बसून सगळ्यांच्या गोष्टी सांगायची. कुणाची मुलं येत नाहीत, कुणाच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव काय होतं. त्या म्हाताऱ्यांची नावं मला तिच्या तोंडून पाठ झाली होती.

मेडिकलचा अर्जही तिनं माझ्याच टेबलावर भरला. त्यांच्या घरी इंटरनेट रखडतं. जूनमध्ये संध्याकाळी यायची, पाय खुर्चीवर घेऊन बसायची. त्या अर्जात आजवर केलेली कामं आणि उद्योग लिहायला पंधरा जागा असतात. नोकरी, सेवा, खेळ, संशोधन, जे असेल ते. त्यातली तीन आपल्याला सगळ्यांत मोलाची वाटतात असं सांगून त्यांच्याबद्दल जास्त लिहायचं. ब्रेन्ना त्या पंधरांना घाबरली होती. कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींचे अर्ज तिनं पाहिले होते.

"हे लोक एवढं सगळं करतात कधी?" ती म्हणायची. "एकीनं तीन प्रयोगशाळांत काम केलंय. एक जण व्हायोलिन वाजवतो आणि झोपडपट्टीत जाऊन रक्तदाबही तपासतो. मी काय केलं? सुगीत बिटाचा ट्रक चालवला आणि म्हाताऱ्यांना आंघोळ घातली."

"मग तेच लिही."

"मिसेस बी, ते संशोधन लिहिणार आणि मी डायपर लिहू?"

"डायपर नको लिहू. त्यांना बरं वाटावं म्हणून काय केलंस ते लिही."

"त्याला तिथं काही नाव नाही," ती म्हणाली आणि वृद्धाश्रम अकराव्या जागेवर टाकून मोकळी झाली. ट्रक लिहिलाच नाही. पहिल्या जागेवर, सगळ्यांत मोलाचं म्हणून, तिनं चर्चचा दौरा घातला.

तो दौरा गावाला माहीत आहे. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये गावच्या चर्चनं नऊ पोरं होंडुरासला पाठवली, गरिबांच्या वैद्यकीय सेवेसाठी. बरोबर एक दंतवैद्य आणि एक निवृत्त नर्स. पैसे उभे करायला पॅनकेकची न्याहारी झाली, मीटबॉलची जेवणं झाली. मी त्यांच्या धर्माची नसले तरी स्वयंपाकाच्या हाताला धर्म लागत नाही, म्हणून दोन मोठे डबे चिवडा नेला होता. तो पुरुषांनी बिअरबरोबर संपवला. पोरं परत आली तेव्हा चर्चच्या भिंतीवर फोटो लागले. मधला मोठा फोटो ब्रेन्नाचा. निळे हातमोजे, हातात सुई, समोर एका मुलाचा दंड. मुलाचा चेहरा अर्धाच आला आहे. येत्या रविवारी सुगीचं जेवण होतं आणि नव्या तुकडीसाठी पुन्हा पैसे उभे करायचे होते. कॉनीनं त्याच फोटोचं पोस्टर करून घेतलं होतं. जेवण झाल्यावर ब्रेन्नानं दोन शब्द बोलायचे, असंही ठरलं होतं.

तिसऱ्या कोपऱ्याच्या पुढे एका ट्रकमधून सांडलेले बीट रस्त्यात पडले होते. ब्रेन्ना एकेक पायानं कडेला सारत चालू लागली.

"मुलाखतीला समोर एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या," ती अचानक म्हणाली. "चांगल्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं."

"काय विचारलं?"

"पहिल्या जागेचंच विचारलं. टाके घालायला कुठं शिकलीस? मी म्हटलं, तिथंच. नर्सबाईंनी एकदा करून दाखवलं."

"एकदाच?"

"त्यांनीही असंच विचारलं. मग म्हणाल्या, तू वृद्धाश्रमात काम करतेस ना, तिथं कुणाला कापलं तर घालशील टाके? मी म्हटलं, नाही, मला परवानगी नाही. त्या बरं म्हणाल्या आणि गप्प बसल्या. मला ते गप्प बसणं सोसेना. मी बोलतच सुटले. तिथं डॉक्टर नव्हता, दुसरं कुणी नव्हतं, आम्ही नसतो तर त्याचं काय झालं असतं."

"खरंच तर आहे ते."

"नाही ना." ती थांबली. "बसनं तासाभरावर दवाखाना होता. त्याची आई त्याला घेऊन तिकडेच निघाली होती. आम्हीच तिला हाक मारली. इकडे या, फुकट आहे म्हणून. ती एकदा बसकडे बघत होती, एकदा आमच्या पांढऱ्या तंबूकडे. नर्सबाई मला म्हणाल्या, तुला करून बघायचंय का? मी हो म्हटलं. मला वाटलं, आता माझ्याकडे लिहायला काहीतरी झालं. मिसेस बी, सुई आत जायच्या आधी माझ्या मनात हे आलं होतं. नंतर नाही, आधी."

मी म्हटलं, "अगं, तू लहान होतीस. मोठी माणसं बरोबर होती, त्यांनी थांबवायला हवं होतं."

"मी मतदान करण्याइतकी मोठी होते."

"तसं नव्हे गं. तुझा हेतू वाईट नव्हता."

एक ट्रक गेला. आतून कुणीतरी "ए डॉक्टरीणबाई" अशी हाक मारली. तिनं बोट उचललं. तिचे कान लाल झालेले मला दिसले.

"शेवटी त्यांनी एकच विचारलं," ती म्हणाली. "टाके कुणी काढले?"

"म्हणजे?"

"टाके आठ-दहा दिवसांनी काढावे लागतात. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. विमान चुकू नये म्हणून पहाटेच. कुणी त्या आईला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. आठवडाभर अंगात दोरा घेऊन तो पोरगा... आणि दीड वर्षात मला एकदाही हा प्रश्न पडला नाही. मी ओपलच्या कोपरावरची पट्टी बदलायला सुट्टीच्या दिवशी गेलेय. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. नाताळच्या दिवशी गेली होती, जेवण अर्धं टाकून.

चौथा कोपरा आला. तिथून आमची घरं दिसतात. आधी हॉगस्टॅडांचं, त्यांच्या अंगणात उभी कॉनीची पिवळी बस, आणि पलीकडे आमचं. मला वाटलं, सांगून झालं, आता ही मोकळी होईल. पण ती आणखी हळू चालू लागली.

"अजून एक आहे."

"सांग."

"त्याचं नाव मातेओ नाही."

"कुणाचं?"

"त्या मुलाचं. अर्जात मी लिहिलंय, मातेओच्या डोळ्यांत मला माझं आयुष्य दिसलं. त्याचं नाव मला माहीतच नाही. मी विचारलं नाही. 'एक मुलगा' लिहिलं तर वाक्य थंड वाटत होतं. मग इंटरनेटवर तिकडच्या मुलांची नावं शोधली. तुमच्याच टेबलावर बसून. तुम्ही तेव्हा पोळ्या लाटत होता."

आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध उभ्या होतो. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिला ते नको असावं. मेलेल्या कुत्र्यांचीसुद्धा नावं सांगणारी पोर. मनात नाम घ्यायचा प्रयत्न केला, पण त्या परक्या मुलासाठी देवाला काय सांगायचं तेच सुचेना. त्याला काय म्हणून आठवायचं?

"डॉक्टरीणबाईंना कळलं?" मी विचारलं.

"तेव्हा नाही. आज सकाळी मीच लिहून पाठवलं. नाव खोटं आहे म्हणून."

"मग प्रवेश?"

"मिळत नाही आता." हे ती रडत म्हणाली नाही. ट्रक बंद पडला की लाइल ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात म्हणाली. "ते माझं मी बघेन. पुढल्या वर्षी, नाहीतर कधीच नाही. पण रविवारचं राहिलंय."

रविवारचं म्हणजे ते पोस्टर. येत्या मार्चच्या तुकडीत तिची धाकटी बहीण टेसा आहे.

"काल टेसा माझ्या खोलीत आली," ब्रेन्ना म्हणाली. "विचारते, संत्र्यावर सराव केला तर चालेल का? आणि सुई किती आत घालायची? हसत होती. तिनंही कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून यादी सुरू केलीय. तिला वाटतं, मी तिथं ते केलं म्हणून मला मुलाखतीला बोलावलं. बरोबरच आहे तिचं. त्यामुळेच बोलावलं असेल."

"मग रविवारी उभं राहून सांगशील?"

"सगळ्यांपुढे सांगेन. पण आधी आईला सांगायला हवं. तिथं गर्दीत तिला कळता कामा नये." तिनं घराकडे बघितलं. "तिनं त्या पोस्टरच्या तीस प्रती काढल्यात. बसमध्येसुद्धा एक लावलीय, ड्रायव्हरच्या मागे. रोज शाळेच्या पोरांना दाखवते. माझी मुलगी."

"कॉनी समजून घेईल. मी तिला ओळखते."

"तेच तर. ती लगेच समजून घेईल." ब्रेन्नाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "म्हणेल, तू चांगलं करायला गेलीस, बाळा. बाबा म्हणतील, नर्सबाईंची चूक. चर्चचे पास्टर म्हणतील, देव मन बघतो. आणि टेसा मार्चमध्ये सुई घेऊन जाईल. इथं सगळे मला लहानपणापासून ओळखतात ना, कुणीच मला काही म्हणणार नाही."

पाऊण तासात मीही तिला तेच तर सांगत आले होते.

आम्ही त्यांच्या टपालपेटीपाशी पोचलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉनी दिसत होती. भांडी घासत असावी. तिनं आम्हाला बघून ओल्या हातानं खूण केली. तोंडानं काहीतरी म्हणाली, बहुतेक आत या, कॉफी टाकलीय. ब्रेन्नानं हात वर केला आणि तो तसाच राहिला.

"आत्ताच सांगते," ती म्हणाली. "रात्रीवर ढकललं की धीर होणार नाही."

"सांग. मी जाते, तुम्ही दोघी बोला."

"नाही, तुम्ही चला." तिनं माझी बाही धरली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. हात गार होते. "माझ्याशेजारी बसू नका, आईच्या शेजारी बसा. आणि मिसेस बी, एक मागते. ती मला सावरायला लागली की तुम्ही तिला साथ देऊ नका. पोर लहान होती, हेतू चांगला होता, असलं काही म्हणू नका. माझी बाजू घेऊ नका. एवढं माझ्यासाठी करा."