केनियात गेलेली तिफण

पहिल्याच भेटीत रेवणअप्पानं मला चोर ठरवलं. मी अहमदपूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. बाजार समितीच्या मागं त्याचं शेतीअवजारांचं वर्कशॉप होतं, तिथं शाळेचं मोडकं बाक जोडून घ्यायला गेलो होतो. त्यानं दारातच हात आडवा धरला. "बाहेरच थांबा मास्तर. लई जण बाक जोडायला येतेत अन् कारागिरी बघून जातेत."

आता बाकात कसली आलीय कारागिरी! पण त्याच्या संशयाला काही कारण लागत नसे. संशय त्याच्या पाचवीलाच पुजलेला. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, मग बायकोला ओढायला लावणार. नीलम्मावहिनी कपाळावर हात मारून म्हणायच्या, "माझ्यावर भरवसा हाय म्हणून नव्हं हो, स्वतःवर न्हाई म्हणून!"

तरी आमची दोस्ती झाली. हाताला असा गुण असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोखंड हातात घेतलं की त्याचा चेहराच निवळायचा.

लातूर जिल्हा वेगळा झाला त्या साली परतीचा पाऊस आलाच नाही. लोकांनी ज्वारी पेरली ती वरच्या कोरड्या मातीत तशीच पडून राहिली. रेवणअप्पाच्या दोन एकरांत मात्र हिरव्या ओळी उठल्या. गाव लोटलं बघायला. हा गडी बांधावर काठी घेऊन उभा, आणि तिफणीवर पोतं झाकलेलं.

पोत्याखाली काय होतं ते मला पुढं दाखवलं, तेही गुरुवारी, वर्कशॉप बंद ठेवून. तिफणीला तीन फण असतात, फणाच्या मागच्या नळीतून बी पडतं. रेवणअप्पानं नळीच्या मागं चार बोटांवर लोखंडाची एक वाकडी पट्टी बसवली होती. बी खाली ओलीत पडलं की वरची कोरडी माती ढासळायच्या आत ही पट्टी ओली माती बियावर ढकलायची. बस्स, एवढंच. पण एवढंच कुणाला सुचलं नव्हतं.

नव्या जिल्ह्याच्या उद्योग कचेरीतल्या साहेबांच्या कानावर हे गेलं. लातूरला डाळ मिलची यंत्रं बघायला केनियातल्या नाकुरू गावचा एक गुजराती व्यापारी आला होता, त्याला ते घेऊन आले. व्यापाऱ्यानं तिफण चालवून पाहिली आणि तिथंच म्हणाला, "आमच्याकडं पण असाच दुष्काळ असतो. दोनशे पाठवा. पण आधी हक्काची नोंद करा, पेटंट घ्या, नाहीतर सहा महिन्यांत नक्कल निघेल."

केनियात थेट नोंद होत नव्हती. आधी विलायतेत करायची, मग तिचा दाखला तिकडं लावायचा. मुंबईचे एक वकील ते काम करायचे. त्यांनी समजावलं, "तुमची युक्ती कागदावर पूर्ण उघडी करायची. नकाशा, मापं, सगळं. त्या बदल्यात वीस वर्षं ती दुसऱ्या कुणाला करता येणार नाही."

रेवणअप्पा हसला. मला म्हणाला, "ऐकलं का मास्तर? चोराला म्हणं घराचा नकाशा द्या, मग चोरी होत न्हाई!"

त्याचा उस्ताद उदगीरचा. आपल्याकडं उस्ताद चेल्याला सगळं शिकवतो, एक गोष्ट सोडून. ह्याच्या उस्तादानं पोलादाला पाणी कसं द्यायचं ते बारा वर्षांत दाखवलं नव्हतं, ह्यानं ते पत्र्याच्या भोकातून चोरून बघितलं. हातचं राखून देणं हीच ह्याची विद्या. म्हणून नकाशा काढायला मी बसलो तेव्हा तो वाकून हळूच म्हणाला, "पट्टी नळीच्या फुडं दाखवा."

"अहो अप्पा, पुढं दाखवली तर बी पडायच्या आधीच माती ढकलली जाईल, बी वर कोरड्यातच पडेल. चालणारच नाही."

"तेच पाहिजे. ज्यानं चोरलं त्यानं बसावं बोंबलत!"

मी विरोध केला का? केला. एकदा. मग त्यानं डोळे बारीक करून विचारलं, "तुम्हाला खरी जागा कागदावर का पाहिजे ओ?" त्या नजरेची मला एवढी चीड आली की म्हटलं, घाल चुलीत, आणि पट्टी पुढं काढून दिली. नकाशाखाली माझी सही आहे. ही चूक मी आजही दुसऱ्याच्या माथी मारत नाही. वकिलांनी त्या नकाशावरूनच इंग्रजी मजकूर लिहिला, विलायतेत नोंद झाली, मग केनियात झाली.

तिफणी जहाजानं जात राहिल्या. प्रत्येकीच्या दांडीवर "रेवण" असा ठसा. कुणी गिऱ्हाईक आलं की तो सांगायचा, "अफ्रिकेतला माणूस माझं नाव वाचून पेरून राहिलाय." मिश्या पिळत हे सांगताना तो दहा वर्षांनी लहान दिसायचा.

चौथ्या वर्षी नाकुरूहून फोटो आले. तीच तिफण, तीच पट्टी, नळीच्या मागं बरोबर चार बोटांवर. दांडीवर दुसरंच नाव. विकणारा तिथल्याच एका कारखान्याचा मालक.

रेवणअप्पा ते फोटो घेऊन थेट शाळेत आला. हेडमास्तरांसमोर, सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाला, "खरी जागा जगात दोघांनाच ठाऊक. मी, अन् हे मास्तर. किती घेतले मास्तर?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, तिफण विकलीत ना तुम्ही! दोनशे विकल्यात! ज्यानं घेतली त्याला डोळे नाहीत का? कागदावर लपवलंत आणि लोखंडात उघडं करून बाजारात मांडलंत!"

त्यानं फोटो गोळा करून खिशात कोंबले. पण पटलं नव्हतं, ते मला चेहऱ्यावर दिसत होतं.

केनियात खटला उभा राहिला. समोरच्या वकिलानं भलतंच डोकं चालवलं. त्यानं रेवणअप्पाच्या नोंदीच्या कागदावरून हुबेहूब तिफण बनवून घेतली आणि पेरून दाखवली. एक दाणा उगवला नाही. त्याचं म्हणणं, आमच्या कारखान्याची तिफण ह्या कागदासारखी नाहीच, मग नक्कल कशाची? आणि ज्यानं हा कागद केला त्याला ही तिफण कळलेलीच नाही, मग ती त्यानं शोधली कशी?

म्हणजे बघा, रेवणअप्पाची तिफण रेवणअप्पाची नाही!

मुंबईच्या वकिलांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, "एकच वाट उरलीय. नकाशा काढणाऱ्याच्या हातून चूक झाली, असं त्यानं शपथेवर लिहून द्यावं. मग दुरुस्ती मागता येईल. मास्तर आणि अप्पा, दोघांच्या सह्या लागतील. बारा तारखेच्या आत कागद माझ्याकडं पाहिजे. तेरानंतर न्यायाधीश थांबणार नाहीत."

आम्ही परत आल्यावर नीलम्मावहिनी माझ्या घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. "भाऊजी, मी कोणत्या तोंडानं मागू? पण फोटो आल्यापासून ते जेवले न्हाईत नीट. ठसा हातात घेऊन बसतेत."

मी रात्रभर तळमळलो. शपथेवर खोटं लिहायचं, आणि गावात म्हणवून घ्यायचं की मास्तरला साधा नकाशा काढता आला नाही. चित्रकलेचा मास्तर! पण पेन्सिल माझीच होती. चार तारखेला तहसीलात जाऊन शपथेवर सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. "अप्पा, तुमची सही करा आणि आजच टपालात टाका."

त्यानं कागद उलटा सुलटा करून पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं, तीच बारीक नजर.

"मास्तर, फुकट कोण दुसऱ्याची चूक अंगावर घेतंय?"

"मी घेतोय."

"का पण?"

काय सांगणार? दोस्त आहात म्हणून, असं तोंडावर म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही. मी चिडून म्हणालो, "माझी हौस!" आणि निघून आलो. तिथंच चुकलो. दोन शब्द नीट बोललो असतो तर...

त्यानं कागद कपाटात ठेवला आणि माझी चौकशी सुरू केली. पोस्टमनला विचारलं, मास्तरला परदेशाची पत्रं येतात का. बँकेतल्या कारकुनाला विचारलं. माझ्या सासुरवाडीला, भोकरला जाऊन आला, हो, भोकरला! तिथं मी जमीन घेतलीय का बघायला. मला ह्यातलं काही ठाऊक नाही. मी समजत होतो, कागद मुंबईला पोचला.

सोळा तारखेला वकिलांची तार माझ्या पत्त्यावर आली. त्याच दुपारी रेवणअप्पा कागद घेऊन हजर. सही केलेली. चेहरा चक्क हसरा. "मास्तर, लई शोधलं. तुमचं काहीच सापडलं न्हाई. द्या पाठवून."

मी तार वाचून दाखवली. दुरुस्ती मागितली गेली नाही, नोंद रद्द, तिफण कुणीही करावी, कुणीही विकावी.

तो म्हणाला, "बराबर वाचलात का?"

माझा तोल गेला. "जा, दुसऱ्याकडून वाचून घ्या!"

तो खरंच गेला. पोस्टमास्तरांकडून वाचून घेतली, मग बँकेतल्या कारकुनाकडून, मग कॉलेजच्या एका प्राध्यापकाकडून. दिवेलागणीला परत आला आणि माझ्या ओट्यावर बसला.

मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही खरं तेच वाचलं होतं."

मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. ओठांवर आल्याही होत्या. पण तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता, आणि मला कळेना, हे रडणं तिफणीसाठी की माझ्यासाठी. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.