कांडीच्या तोंडातला धागा

वडगावात यल्लाप्पाचे साड्या विणायचे चार माग आहेत, पण गल्लीत त्याला मागवाला म्हणून कमी आणि मांजरांचा डॉक्टर म्हणून जास्त ओळखतात. ही पदवी त्यानं स्वतःच घेतली. लग्न झाल्यापासून घरात मांजर आहे, एवढ्या भांडवलावर तो कुणाच्याही मांजराची नाडी बघायला मोकळा. मांजराची नाडी कुठं असते हे त्याला ठाऊक नाही. पण तो मागचा पाय धरून डोळे मिटतो, आणि समोरच्याचं समाधान होतं.

त्याचं शास्त्र सोपं. मांजर ओकलं, की पोटात केस गेले. गवत खायला सोडा. कान खाजवतंय, तर मळ साचला. कोमट तेल घाला. शेजारच्या यमनाप्पाचा बोका एकदा सकाळपासून मातीत बसून नुसताच कण्हत होता, लघवीचा थेंब पडत नव्हता. यल्लाप्पानं पोट साफ नाही असं निदान करून एरंडेल पाजायला सांगितलं. यमनाप्पाच्या सुनेनं बोक्याला गुपचूप पिशवीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं नळी घालून अडलेली लघवी मोकळी केली म्हणून तो जगला. यल्लाप्पा आजही तो बोका दिसला की एरंडेलाचा गुण सांगत सुटतो. यमनाप्पाही मान डोलावतो, कारण सुनेनं त्याला काहीच सांगितलेलं नाही.

यल्लाप्पाची स्वतःची मांजर म्हणजे कांडी. साड्यांच्या गठ्ठ्यांना उंदीर लागू नयेत म्हणून आणलेली. उंदीर तिनं फारसे मनावर घेतले नाहीत. तिचा सगळा जीव धाग्यात. बायको मंगल धागा गुंडाळून मागाच्या कांड्या भरायला बसली, की ही समोर दबा धरून बसायची आणि सुटलेल्या टोकावर झेप घ्यायची. मंगल हाकलायची. यल्लाप्पा म्हणायचा, मागवाल्याच्या घरची मांजर धाग्याशी नाही खेळणार तर कशाशी खेळणार?

मग एके दिवशी कांडीनं दुधाला तोंड लावलं नाही. दोनदा फेस ओकली आणि तिसऱ्या मागाच्या मागं सांदीत जाऊन बसली. यल्लाप्पानं केसांचं निदान केलं आणि गवत आणून पुढं टाकलं. दुसऱ्या दिवशीही ती बाहेर येईना. त्यानं आत हात घालून पाठ कुरवाळली, तर ती घुरघुरू लागली. मांजर घुरघुरतंय म्हणजे खुशीत आहे, असं त्यानं बायकोला बजावून सांगितलं.

"खुशीत असती तर माग चालू असताना त्या सांदीत कशाला बसली असती?" मंगल म्हणाली. "भ्यालीया ती."

तिनंच कांडीला ओढून बाहेर काढलं आणि तोंड उघडलं. जिभेखालून केशरी रेशमाचं टोक लोंबत होतं.

आता मागवाल्याला धाग्याचं टोक दिसलं, की त्याची बोटं कुणाला विचारत बसत नाहीत. यल्लाप्पानं टोक चिमटीत धरून ओढलं. दोन बोटं आलं आणि अडलं. अडलेल्या धाग्याची ओढ त्याला तीस वर्षं ठाऊक होती. तसा धागा ओढला तर शेजारचे दहा तुटतात. आधी माग बंद करायचा असतो. त्याचा हात थांबला. कांडी ओरडली नाही, नख्या मारल्या नाहीत, नुसती त्याच्याकडं बघून घुरघुरत राहिली, आणि यल्लाप्पाला पहिल्यांदाच त्या आवाजाची भीती वाटली.

त्यानं तिला टोपलीत घातलं, मंगलला गाडीवर मागं बसवलं आणि दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाई कन्नड बोलणाऱ्या. यल्लाप्पानं कन्नडमधून केसांचं निदान ऐकवायला सुरुवात केली, तशी त्यांनी त्याला हातानंच गप्प केलं. धाग्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी गुंतलंय आणि दुसरं आतड्यात उतरलंय, असं त्यांनी सांगितलं. नाडी ओढल्यावर परकरावर चुण्या पडतात तशी आतडी त्या धाग्यावर गोळा झालीत. बाहेरून ओढला तर तोच धागा आतडं कापत जातो, आणि मांजर एक-दोन दिवस बरं दिसून मग मरतं. दुखत असलं तरी मांजर घुरघुरतं, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, तुम्ही ओढला नाही हे शहाणपणाचं केलंत, लोक ओढतात. आणि कांडीला पोट उघडायला आत घेऊन गेल्या.

एवढ्या कौतुकावर यल्लाप्पानं एरवी महिनाभर गल्ली डोक्यावर घेतली असती. पण बाहेरच्या बाकड्यावर त्याला धड बसवेना. दोन वर्षांपूर्वी त्यानं म्हाताऱ्या नागुबाईच्या मनीच्या तोंडातून असाच धागा काढला होता. भर गल्लीत, दहा माणसांदेखत, एका झटक्यात हातभर. धागा अडल्याचं बोटांना तेव्हाही कळलं होतं. पण लोक बघत होते. तिसऱ्या दिवशी मनी मेली, आणि गल्लीतल्या भरमाच्या कुत्र्यानं तिला धरून झटकलं असणार, असं निदान यल्लाप्पानंच केलं होतं. हे आठवून त्याला स्वतःचीच शरम वाटली. मंगल शेजारीच होती, पण तिच्याकडं बघायचा धीर त्याला होईना.

कांडी वाचली. चौथ्या दिवशी पोटावरच्या टाक्यांसकट तिनं वाटीभर दूध चाटून पुसून घेतलं. यल्लाप्पा ते बघत उभा राहिला आणि मग नागुबाईकडं जातो म्हणून चपला घालून निघाला. झालं गेलं आता उकरायला कशाला जाता, असं मंगल म्हणालीसुद्धा. पण तो गेला. नागुबाई दारात लसूण सोलत बसली होती. त्यानं तिला काहीही न लपवता, सुरुवातीपासून सगळं सांगितलं.

नागुबाईचे हात थांबले. समोरच्या सावलीत भरमाचं कुत्रं पडलं होतं. म्हातारीनं मान वळवून नुसतं त्याच्याकडं बघितलं, तसं ते उठलं आणि शेपूट पायात घालून लंगडत भिंतीआड गेलं.

"दोन वर्सं रोज दगुड मारत आलीया त्याला," ती म्हणाली. "मला सांगितलंस, बरं केलंस. आता त्याला कोण सांगायचं रं?"